जुन्या मोटारीतील पेट्रोल-तापक : रचना, बसवणी व दक्षता

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळून जातो. सौंसर व पांढुर्णा हे दोन तालुके मिळून २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य मध्यप्रदेशाचे असले तरी या पट्ट्यातील घराघरांतून मराठीच कानी पडते. संत्र्याच्या बागांचा हा प्रदेश उन्हाळ्यात असा तापतो की, मोटारीत ऊब देणारे यंत्र बसवावे असे कोणी म्हटल्यास ऐकणाऱ्यास हसू यावे. परंतु पौष-माघात पहाटे बोरगाव सोडून सिलेवानीचा घाट चढणाऱ्या आणि सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवरील छिंदवाडा गाठणाऱ्या जुन्या गाडीच्या चालकास हा विषय थट्टेचा वाटत नाही. हातपाय गारठणे ही त्याची लहान अडचण होय. आत बसलेल्यांच्या श्वासाने समोरच्या काचेवर बाष्प धरते आणि घाटातील वळण दिसेनासे होते, ही मोठी.

बहुतेक मोटारींत ही अडचण इंजिनच दूर करते. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांची इंजिने पाण्याने थंड होणारी आहेत. इंजिनातील गरम पाणी एका लहान जाळीतून फिरवून तिच्यावरून पंख्याने वारा सोडला की, गाडीत ऊब येते आणि काचही स्वच्छ होते. अशा गाडीत स्वतंत्र ज्वाला पेटविणाऱ्या यंत्राचे प्रयोजन नाही. पाण्याच्या मार्गात साचलेला गंज काढणे व थर्मोस्टॅट नीट करणे एवढ्याने काम भागते.

खरा प्रश्न हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांचा. फोक्सवॅगनची बीटल हे त्यांतील सर्वांत परिचित उदाहरण. तिच्या इंजिनात पाणीच नसल्याने धुराच्या नळ्यांभोवती पत्र्याचे वेष्टण घालून त्यातून तापलेली हवा बैठकीकडे आणलेली असते. इंजिन मागे आणि काच पुढे, यामुळे वाटेतच बरीच उष्णता निघून जाते. इंजिन संथ चालत असता तर ऊब नाममात्रच उरते. या उणिवेतून साहाय्यक पेट्रोल-तापकाची गरज निर्माण झाली. अमेरिकेत स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीचे ‘साउथ विंड’ तापक १९३० च्या दशकातच प्रचारात आले होते. १९६० च्या शेवरोले कॉर्वेअरमध्ये, १९६८ साली आलेल्या फोक्सवॅगन ४११ मध्ये आणि सोव्हिएत झापोरोझेत्समध्येही पेट्रोलवर चालणारे तापक होते. बीटलसाठी हे यंत्र प्रामुख्याने एबरस्पेखर या जर्मन कंपनीने पुरविले. या कंपनीचे मूळ गाव एसलिंगेन. ते श्टुटगार्टला लागून आहे आणि श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे.

या यंत्राची रचना ज्यांनी घरात प्रायमस स्टोव्ह पेटविला आहे त्यांना सहज उमगेल. एका धातूच्या नळकांड्यात पेट्रोलचे बारीक तुषार व हवा यांचे मिश्रण येते. तापणारा प्लग किंवा ठिणगी देणारा प्लग ते पेटवितो. एकदा ज्वाला धरली की, प्लगचे काम संपते. ज्वालेला लागणारी हवा गाडीच्या बाहेरून घेतली जाते आणि धूर स्वतंत्र नळीने गाडीखाली सोडला जातो. नळकांड्याच्या बाहेरील अंगाने दुसरा वारा वाहतो. तो तापून बैठकीत व काचेवर जातो. ज्वालेची हवा व बैठकीची हवा या दोहोंमध्ये धातूची केवळ एक भिंत असते. संपूर्ण यंत्राचा भरवसा या भिंतीवर आहे.

इंधन लागते थोडे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास उष्णता साठलेली असते. त्यामुळे दोन किलोवॅटचा तापक पूर्ण जोराने चालविला तरी तासाला साधारण पाव लिटर पेट्रोल पुरते. इंजिन बंद असतानाही तो चालतो, हा त्याचा मोठा गुण समजला जातो. पुढे दिसून येईल की, धोकाही याच गुणात दडलेला आहे.

बसविण्यापूर्वी जुना तापक उघडून तपासणे अत्यावश्यक आहे. बाजारात मिळणारी यंत्रे बहुधा दुसऱ्या गाडीतून काढलेली, पन्नास-साठ वर्षांची असतात. वरून रंग दिलेले यंत्र आतून गंजाने चाळणीसारखे झालेले असू शकते. ज्वालेची बाजू बंद करून हलक्या दाबाने हवा भरावी व साबणाचे पाणी लावून पाहावे. एकही बुडबुडा आला तर ते यंत्र गाडीत घालू नये. गळणाऱ्या भिंतीला डाग देऊन काम चालविण्याची आपल्याकडील हौस येथे आवरलीच पाहिजे.

बीटलमध्ये तापकाची जागा पुढील सामानाच्या कप्प्यात, पेट्रोलच्या टाकीजवळ असते. साहजिकच इंधनाच्या नळीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. टाकीतून येणारी नळी शक्यतो धातूची असावी, जोड कमीत कमी असावेत आणि रबरी तुकडे नवे असावेत. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, मऊ पडते व तडकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचून राहते आणि कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. कप्प्यात वास येत असेल तर तो कोठून येतो हे सापडेपर्यंत तापकाची कळ दाबू नये.

धुराच्या नळीचे तोंड गाडीच्या कडेबाहेर, खालच्या दिशेने यावे. ते ज्वालेची हवा घेणाऱ्या तोंडाजवळ किंवा बैठकीची हवा घेणाऱ्या झरोक्याजवळ येता कामा नये. पत्र्यातून नळी जाते तेथे उष्णतारोधक वेष्टण घालावे आणि उरलेली फट पूर्ण बुजवावी. नळीला सखल बाक पडल्यास तेथे पाणी साचते. ते निघून जाण्यासाठी त्या जागी बारीक छिद्र ठेवतात.

विजेची बाजू जुन्या गाडीत दुबळी असते. प्लग तापताना मोठा प्रवाह ओढला जातो. पूर्वीच्या बीटलमध्ये विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची होती. तेवढ्याच शक्तीसाठी तिला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून तार जाड हवी. यंत्र कोणत्या व्होल्टचे आहे हे त्यावरील पट्टीवर वाचूनच घ्यावे. तापकाला स्वतंत्र फ्यूज व रिले असावा. अतितापाने यंत्र आपोआप बंद करणारा स्विच त्रास देतो म्हणून तारा परस्पर जोडून टाकणारे कारागीर आढळतात. असे करणाऱ्याच्या हाती गाडी न देणे बरे. कळ बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे फिरतो व यंत्र निवते. यास्तव पेट्रोल पंपावर पोहोचण्यापूर्वीच तापक बंद करावयास हवा.

आता त्या अदृश्य धोक्याविषयी. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा वार्ता सर्वांनी वाचल्या आहेत. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी चिकटून बसतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, नंतर गुंगी येते आणि गुंगी आलेल्याला आपण संकटात आहोत हे कळत नाही. तापकाची भिंत फुटली किंवा धुराची नळी निखळली की, बंद काचांची मोटार ही शेगडीची खोलीच होय. प्रवासात दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर तो थकवा समजू नये. गाडी थांबवावी, तापक बंद करावा, दारे उघडावीत व सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे. तापक चालू ठेवून गाडीत झोपणे किंवा बंद गॅरेजमध्ये तो लावणे सर्वथा वर्ज्य आहे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरील लहान यंत्र आता सहज मिळते. ते बैठकीत असल्याशिवाय असा तापक वापरू नये.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत जी सुधारणा झाली, तिच्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष नोंदणी क्रमांक मिळू शकतो. साटा, बॉडी वा इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. त्या काळी त्याच गाडीसाठी बनलेला तापक, पत्र्यातील मूळ छिद्रांचाच उपयोग करून बसविणे आणि भलतेच यंत्र आणून पत्रा कापणे यांत मोठे अंतर आहे. काम हाती घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे.

पहिली चाचणी उघड्या मैदानात, दारे उघडी ठेवून, अग्निशामक जवळ घेऊन करावी. सुरुवातीस थोडा पांढरा धूर दिसतो व लगेच थांबतो. काळा धूर येतच राहिला तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त आहे, असे समजून यंत्र पुन्हा उघडावे. थंडी सरल्यावरही तापक विसरून चालत नाही. नळीत राहिलेले पेट्रोल चिकट होऊन तुषाराचे तोंड बुजते, म्हणून महिन्यातून एकदा दहा मिनिटे तो पेटवावाच लागतो. बोरगावच्या वैशाखात ही दहा मिनिटे गाडीची दारे सताड उघडून, मालकाने स्वतः बाहेर झाडाच्या सावलीत उभे राहून काढावयाची असतात.