निवृत्त पोस्टमन



आपल्या धर्मग्रामातील एक पोस्टमन निवृत्त झाले, पण त्यांची फेरी काही थांबली नाही. संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद म्हणून ते दर आठवड्याला गरजूंच्या घरी जातात. १८३३ साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम यांनी मित्रांसह ही संस्था सुरू केली, तेव्हाही रीत हीच होती: गरिबाला बोलावून घ्यायचे नाही, आपण त्याच्या दारी जायचे.

पोस्टमनला घरे आतून ठाऊक. कुणाची मनिऑर्डर यायची थांबली, कुठल्या आजीला मुलाचे पत्र वाचून दाखवावे लागे, हे त्यांना अजून आठवते. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली. वाट पाहणारी माणसे उरलीच.

मदत मिळालेल्या कुटुंबांची नावे या पत्रिकेत छापावीत असे आम्ही सुचवले. हिशेब स्वच्छ राहावा, एवढाच हेतू! ते म्हणाले, "फादर, मनिऑर्डरीचा आकडा मी कधी रस्त्यातून ओरडलो नाही." दयेवर आम्ही सेमिनरीत पुष्कळ वाचले होते, हे मात्र सुचले नव्हते. आता हिशेबात फक्त रक्कम आणि कुटुंबांची संख्या असते. पॅरिश कौन्सिलमधील दोघांना ते अजून पटलेले नाही.