थोडा विसावा घ्या

बारा प्रेषित गावोगावी फिरून परत आले होते. येशूने त्यांना दोघादोघांच्या जोडीने पाठवले होते. आल्यावर त्यांनी आपण काय केले, काय शिकवले हे सारे त्याला सांगितले. आता येशू त्यांना शाबासकी देईल किंवा पुढचे काम नेमून देईल असे आपल्याला वाटते. पण येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी वर्दळ होती की शिष्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. येशूने ते पाहिले आणि एकांताच्या ठिकाणी जाऊन थोडा विसावा घेण्यासाठी त्यांना आपल्याबरोबर बोलावले (मार्क ६:३०-३४).

सामान्य काळातील सोळाव्या रविवारी, 'ब' वर्षात, हे शुभवर्तमान आपण मिस्सामध्ये ऐकतो. म्हणजे दर तीन वर्षांनी ते आमच्या कानांवरून जात होते. ते आपल्यासाठी आहे, असे मात्र आम्हां दोघांना कधी वाटले नव्हते. विसावा हा म्हाताऱ्यांनी नाहीतर श्रीमंतांनी घ्यायचा, अशी आमची समजूत.

आमच्यापैकी एक जण सकाळच्या विरार गाडीने चर्चगेटला जातो, दुसरी शाळेत शिकवते. घरी बाबा आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. मुलीचे दहावीचे वर्ष आणि घराच्या कर्जाचे हप्ते. यात विशेष काही नाही, आपल्या धर्मग्रामात अशी पुष्कळ घरे आहेत. एका सकाळी आमचे दूध उतू गेले. एवढेच झाले. "समोर उभं राहून दूध बघता येत नाही?" "तुम्हांला तरी या घरात काय दिसतं?" आणि पुढचे तीन दिवस आम्ही मुलीमार्फत एकमेकांशी बोलत होतो.

शनिवारी आमच्यापैकी एकाने पापनिवेदनात हे सांगितले. फादरांनी विचारले, "शेवटची सुट्टी कधी घेतली होती?" उत्तर दिले, "जानेवारीत, बाबांना डॉक्टरांना दाखवायला." फादर म्हणाले, "ती सुट्टी नव्हे, ते दुसरं काम." प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जपमाळ सांगितली नाही. दोघांनी मिळून एक दिवस घराबाहेर काढायचा, एवढेच सांगितले. जपमाळ सोपी गेली असती!

पहिल्या खेपेस आम्ही चुकलो. दोन ओळखीच्या कुटुंबांना बरोबर घेऊन एका रिसॉर्टवर गेलो. पोहण्याचा तलाव, लाऊडस्पीकर, जेवणाची रांग, फोटो, परतताना रस्त्यावर दोन तास अडकलेली गाडी. मुले खूश झाली, हे कबूल केले पाहिजे. पण रात्री घरी पोचलो तेव्हा बिलावरून पुन्हा वाद झाला आणि सोमवारी ऑफिसात डोळे मिटत होते. मौज वाईट नाही, सणासुदीला ती हवीच. पण मौज केली म्हणजे विसावा मिळतोच असे नाही.

मग आम्ही बायबल उघडून बसलो. थकलेल्या माणसाशी देव कसा वागतो, हे पाहायचे होते. पहिल्या राजांच्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय सापडला आणि त्याने आम्हांला धरून ठेवले. एलिया संदेष्टा जीव वाचवण्यासाठी रानात पळाला आहे. एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो. आता पुरे झाले, असे तो सरळ म्हणतो. एवढा मोठा संदेष्टा! देव यावर काय करतो? रागावत नाही, उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला असेही म्हणत नाही. एलिया झोपी जातो. दूत त्याला उठवतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा सुरई. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, आणि पुढचा प्रवास तुला झेपणार नाही, असे कारणही सांगतो. त्यानंतरच एलिया होरेब डोंगराकडे निघतो. देवाची वाणी त्याला ऐकू येते ती तिथे, वाऱ्यात, भूकंपात किंवा अग्नीत नव्हे, तर अगदी मंद स्वरात.

आधी झोप, मग अन्न, पुन्हा झोप, आणि त्यानंतर देवाचा शब्द. हा क्रम आम्हांला फार मोलाचा वाटला. आपण तो उलटा करतो. थकल्यावर आणखी एक नोव्हेना धरतो आणि ती म्हणताना पेंगतो.

शब्बाथाच्या आज्ञेचेही असेच आहे. दहा आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी आहेत आणि शब्बाथ पाळण्याची कारणे दोन्हीकडे वेगवेगळी दिली आहेत. निर्गमाच्या पुस्तकात (२०:८-११) कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात (५:१२-१५) कारण असे, की तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि देवाने तुम्हांला तेथून सोडवले, याची आठवण ठेवा. गुलामाला सुट्टी नसते. म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव आणि तुझ्याकडे राहणारा परका, या सर्वांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे, असे ती आज्ञा बजावते.

आता आपल्या घरचा रविवार आठवू या. पहाटेची मिस्सा, मग मटणाचे वाटण, वडे, दुपारी पाहुणे, संध्याकाळी आठवड्याचे कपडे. घरातील बाईचा सर्वांत कष्टाचा दिवस कोणता, असे विचारले तर ती रविवार म्हणेल. घरातील पुरुष, आणि हे आमच्यापैकी पुरुषानेच लिहिले आहे, पेपर वाचत शब्बाथ पाळतो! ज्या घरात एकाचा विसावा दुसऱ्याच्या पाठीवर उभा आहे, त्या घराने ही आज्ञा अर्धीच पाळली आहे.

रविवारची सुट्टी आपल्याला आपोआप मिळाली, असेही समजू नये. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये रविवारी न्यायालये व शहरातील कामधंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला, पण शेतीच्या कामाला मोकळीक ठेवली. आपल्या मुंबईत गिरणी कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत असत. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली प्रभूच्या दिवसाविषयी खास पत्र लिहिले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात रविवारच्या विसाव्याचा संबंध सृष्टीशी आणि गोरगरिबांच्या हक्काशी जोडला आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर दुसऱ्यांदा दिवस ठरवला. रविवार मिस्सा आणि घरासाठी ठेवला आणि डिसेंबरमधला एक शनिवार निवडला. सर्वांत अवघड प्रश्न बाबांचा होता. आमच्या आळीतील एका मावशींना विचारायला आठवडा लागला. कारण आपण ओझे दाखवत नाही, हा आपला अभिमान. विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "जा रे बाबांनो, कधीचं म्हणणार होते. पण तुम्ही विचारलं नाही, मी तरी कसं म्हणू?" औषधांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. एकच फोन बरोबर घेतला, तो पिशवीत ठेवला आणि मावशींशिवाय कोणाचाही घ्यायचा नाही असे ठरवले. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाची चटणी आणि घरची केळी हा डबा आदल्या रात्री दोघांनी मिळून केला. भाकऱ्या एकीच्या गोल आणि एकाच्या नकाशासारख्या.

लांब जायचे नाही हेही ठरले होते, कारण निम्मा दिवस प्रवासच खातो. आम्ही रिक्षाने वसईच्या किल्ल्यात गेलो. इथे जन्म काढला, पण शाळेच्या सहलीनंतर आत पाऊल टाकले नव्हते. १५३४ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात वसई आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला, एवढे पाठ होते. छप्पर नसलेल्या देवळांत उभे राहिल्यावर ते वेगळेच वाटते. फ्रान्सिस्कनांच्या देवळात जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवरची अक्षरे पावलांनी आणि पावसाने झिजली आहेत. आपले संत गोन्सालो गार्सिया याच वसईत वाढले आणि १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला रक्तसाक्षी झाले. भिंतींतून वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत, ताडांवर पोपट ओरडत असतात. (फार आडबाजूला जाऊ नये, पाणी बरोबर ठेवावे, अंधारापूर्वी बाहेर पडावे. पावसाळ्यात गवत वाढते, तेव्हा टाळलेले बरे.)

पहिला तास न बोलता बसायचे होते. खरे सांगायचे तर तो तास फार कंटाळवाणा गेला. हात सारखा पिशवीकडे जात होता. गॅस बंद केला ना, इथपासून विचार सुरू झाले. दुसऱ्या तासात कधीतरी ते ओसरले. मग हळूहळू चाललो, लवकर जेवलो आणि चटईवर दोघेही गाढ झोपलो. दुपारी ऊन उतरल्यावर बोललो. कर्ज, दहावी आणि औषधे हे तीन विषय त्या दिवशी बंद होते, त्यामुळे पहिल्यांदा बोलायला काही सापडेना!

आणि मग जे निघाले ते आम्ही दोन वर्षे एकमेकांपासून लपवले होते. आमच्यापैकी एकीने सांगितले, की रात्री तिसऱ्यांदा उठावे लागते तेव्हा बाबा आता सुटावेत असे मनात येते, आणि नंतर स्वतःची इतकी लाज वाटते की दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर चिडचिड होते. दुसरा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मलाही वाटतं. माझे तर ते वडील." दूध उतू जाण्याच्या खाली हे दडलेले होते. आम्ही त्यावर काही उपाय काढला नाही. दोघांनी मिळून एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटले आणि उठलो. मरण मागणाऱ्या एलियाला देवाने दूर लोटले नाही, हे त्या वेळी दोघांच्याही मनात होते.

प्रत्येकाला असा पूर्ण दिवस काढता येईल असे नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याला एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही, तान्ह्या बाळाच्या आईला बाळाला सोडून जाता येत नाही. त्यांना अर्धा दिवस पुरतो. सकाळच्या मिस्सानंतर रिकाम्या चर्चमध्ये तासभर बसावे, वाडीत विहिरीच्या कठड्याशी बसावे, नाहीतर सुरूच्या बागेतून किनाऱ्यापर्यंत चालत जावे. कोणी एकटे असेल तर एकट्याने जावे. खर्च फार होत असेल तर बेत चुकला आहे असे समजावे. आणि दिवस मोडला तर? येशूचाही मोडला होता. शिष्यांना घेऊन तो नावेने निघाला, तर लोक काठाने धावत जाऊन त्यांच्या आधी तिथे पोचले. तो चिडला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते त्याला दिसले आणि त्याला त्यांचा कळवळा आला. मावशींचा फोन आला असता तर आम्हीही निघालो असतो. तो आला नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाबा जागे होते. त्यांचे बोलणे आता अडखळत येते. "कुठे गेलेला?" असे त्यांनी विचारले. "किल्ल्यात," आम्ही सांगितले. त्यावर ते हसले आणि थांबत थांबत सांगू लागले, की लहानपणी मे महिन्यात ते मित्रांबरोबर तिथे ताडगोळे खायला जात आणि एकदा राखणदाराने त्यांना देवळाच्या भिंतीआड पकडले होते. ही गोष्ट आम्ही कधीच ऐकली नव्हती. दोन वर्षांत आम्ही त्यांना गोळी घेतली का आणि दुखते का, याखेरीज फारसे काही विचारलेच नव्हते.

पुढचा दिवस फेब्रुवारीचा ठरला आणि कॅलेंडरवर लिहून ठेवला. त्याच्या आधीच्या शनिवारी मावशींचे नाव लिहिले आहे. त्या दिवशी त्या आपल्या बहिणीकडे आगाशीला जाणार आहेत आणि त्यांचा नातू सकाळपासून आमच्याकडे असेल.