घराजवळचे देशाटन

चैत्र सरत आला की मराठवाड्यात दिवसाचे रूपच पालटते. पळसाची फुले गळून गेलेली असतात, कडुनिंबाचा मोहर वाटेवर सांडलेला असतो आणि सकाळचे दहा वाजण्यापूर्वीच रस्ते ओस पडू लागतात. हिंगोलीसारख्या ठिकाणी या दिवसांत पारा ४० अंशांच्याही वर चढतो. परीक्षा आटोपतात, पुस्तके फडताळात जातात आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : ‘सुट्टीत कोठे जायचे?’

हा प्रश्न सर्वच घरांत सारख्या आनंदाने विचारला जात नाही. ज्यांना ऐपत आहे ते महाबळेश्वरला किंवा चिखलदऱ्याला जातात. ज्यांचे आजोळ दूर गावी आहे ते आजोळी जातात. परंतु शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या वसाहतींत अशी पुष्कळ कुटुंबे राहतात की, त्यांचे खेडे मागे सुटलेले असते आणि शहरातील सुखसोयी अद्याप हाती आलेल्या नसतात. घरातील कर्ता माणूस रोजंदारीवर जातो. एक दिवस काम बुडाले तर त्या दिवसाची मजुरीही बुडते. अशा घरातील मुले ‘कोठे जायचे?’ हा प्रश्न मनातल्या मनात गिळून टाकतात. पुढे जून महिन्यात शाळा उघडते आणि ‘मी सुट्टी कशी घालवली’ हा निबंध लिहावयास सांगितला जातो. शिक्षकी पेशात ज्याची हयात गेली त्याला हे चांगले ठाऊक असते की, त्या निबंधांतील कितीतरी महाबळेश्वरे केवळ कल्पनेतील असतात. मुलांना खोटे सांगण्याची हौस असते असे नव्हे. आपण जे पाहिले ते सांगण्याजोगे नाही, असे त्यांना वाटत असते.

हा समज चुकीचा आहे. काखेत कळसा असता गावाला वळसा घालू नये, असे आपली म्हण सांगते. हिंगोली जिल्ह्यापुरतेच पाहू या.

प्रथम हिशेब करू. सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो : एक पैशाचा व दुसरा श्रमाचा. पैशाचा खर्च सहज मोजता येतो. राज्य परिवहनाच्या बसमधून २०२२ सालापासून ७५ वर्षांवरील वृद्धांना विनामूल्य आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच तिकीट लागते. म्हणजे ७६ वर्षांचे आजोबा, वडील, आई, चौदा वर्षांची बहीण आणि दहा वर्षांचा भाऊ असे पाच जणांचे कुटुंब निघाले, तर सर्वांचे मिळून अडीच तिकिटांचेच पैसे पडतात.

श्रमाचा खर्च मात्र कोणी मोजीत नाही. सहलीच्या दिवशी आई पहाटे चारला उठून सर्वांसाठी भाकऱ्या थापते, तेथे गेल्यावर सर्वांना वाढते आणि परत आल्यावर भांडी घासते. इतरांची सहल होते आणि तिच्या कामात भर पडते. ज्या सहलीत आईला विसावा नाही ती स्वस्त म्हणता येणार नाही. म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आदल्या संध्याकाळी सर्वांनी मिळून करून ठेवावी, पाण्याची भांडी मुलांनी भरावीत आणि परतल्यावरची आवराआवर वडिलांनी व मुलांनी वाटून घ्यावी.

उन्हाचा नियमही प्रारंभीच ठरवावा. सूर्योदयापूर्वी निघावे व दहाच्या आत घरी किंवा दाट सावलीत पोहोचावे. डोक्याला उपरणे, बरोबर भरपूर पाणी आणि परतल्यावर कैरीचे पन्हे, एवढे सांभाळले की ऊन बाधत नाही. अर्ध्या दिवसाच्या अशा सहलीने कोणाचा रोजगारही सहसा बुडत नाही.

पहिली सहल पायी करण्याजोगी आहे. हिंगोली शहर कयाधू नदीच्या काठी वसले आहे. उन्हाळ्यात तिचे पात्र बहुधा कोरडे असते व क्वचित कोठे डोह उरलेला असतो. कोरड्या नदीत पाहण्यासारखे काय असणार, असे तुम्ही म्हणाल. परंतु नदीचा तळ पाहण्याची संधी उन्हाळ्यातच मिळते. पात्रातील काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हारस होय. त्याच्या पोकळ्यांत तयार झालेल्या पांढऱ्या गारगोट्या वाळूत सापडतात. डोहाच्या काठी बगळे व खंड्या दिसतात. टिटवी ओरडत अंगावर येऊ लागली, तर तिची अंडी जवळच उघड्या जमिनीवर आहेत असे समजावे आणि मागे सरावे. आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या लहानपणी या दिवसांत नदीला किती पाणी असे, हे त्यांना अवश्य विचारावे. ही माहिती पुस्तकात मिळत नाही. ती ज्यांच्यापाशी आहे त्यांच्याकडूनच वेळेवर मिळवावी लागते.

याच कयाधूच्या काठी हिंगोली तालुक्यात नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ते ओळखले जाते. नामदेवांचा जन्म १२७० सालचा. त्यांनी भक्तीचा संदेश थेट पंजाबपर्यंत पोहोचविला. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि म्हणूनच नर्सीला वारकऱ्यांप्रमाणे शीख भाविकही येतात. ज्या नदीच्या वाळूत तुम्ही गारगोट्या वेचल्या, त्याच नदीच्या काठचे नाव पंजाबात आदराने घेतले जाते, हे ध्यानी घ्यावे.

हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भाविक या स्थानाला मानतात. मंदिर यादवकालीन, हेमाडपंती बांधणीचे आहे. त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारावी. खालच्या भागातील कोरीव काळा पाषाण आणि वरचे मागाहून बांधलेले शिखर यांतील फरक कोणालाही सहज दिसतो. इमारतीलाही वय असते आणि ते वाचता येते, हे येथे शिकावयास मिळते. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्यास भेटले, अशी परंपरा आहे.

औंढ्याच्या परिसरात दुसरेही एक काम चालू आहे. दूर अंतराळात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशात जी सूक्ष्म कंपने उठतात, त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. अमेरिकेतील लायगो या वेधशाळेने त्या प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपल्या. तशीच वेधशाळा भारतात उभारण्यासाठी औंढा परिसराची निवड झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्र शासनाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. हे काही सहलीचे ठिकाण नव्हे. तथापि मंदिराच्या आवारात बसून दशमी खाताना, आपल्या तालुक्याच्या मातीतून विश्वाचा कानोसा घेतला जाणार आहे, एवढे मुलांना सांगितले तरी त्यांचे डोळे चमकतील.

औंढा तालुक्यातच पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या बाजूस परभणी जिल्ह्यातील येलदरी धरण, खाली सिद्धेश्वर आणि तेथून निघालेले कालवे, अशी पूर्णा प्रकल्पाची रचना आहे. वसमत भागातील शेतीस याच कालव्यांचे पाणी मिळते. धरणाच्या काठावर सकाळचा वारा सुखद असतो. परंतु पाण्यात उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दर उन्हाळ्यात धरणांत व कालव्यांत मुले बुडाल्याच्या दुःखद वार्ता येतात. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याची खोली वरून कळत नाही.

पाण्याचे मोल पाहावयाचे असेल तर वसमतकडील एखाद्या हळदीच्या खळ्यावर जावे. हळद जमिनीतून निघते तेव्हा ओली असते. ती प्रथम शिजवतात, मग कित्येक दिवस उन्हात वाळवतात आणि शेवटी ढोलात फिरवून तिला चकाकी आणतात. नंतर ती मोंढ्यात विक्रीस जाते. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकनही लाभले. ज्या उन्हापासून आपण सावलीत पळतो, त्याच उन्हाची हळदीला गरज असते आणि ती राखण्यासाठी माणसांना उन्हात उभे राहावे लागते. म्हणून तेथे जाताना मालकाची अनुमती घ्यावी, कामाच्या आड येऊ नये आणि निघताना राबणाऱ्यांना रामराम करावा.

ज्यांना घर सोडणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी अंगण आणि गच्ची आहेच. शेजारच्या चार घरांनी मिळून कुरडया, पापड, खारोड्या घातल्या की कामाचा भार हलका होतो आणि मुलांना राखणदारीचा मान मिळतो. १९ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास अंगणात एक सरळ काठी उभी करून पाहावी. सूर्य त्या वेळी हिंगोलीच्या बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. वर्षातून दोनदा असे घडते. पण जुलैत बहुधा ढग आडवे येतात. रात्री गच्चीवर अंथरूण टाकल्यावर उत्तरेकडे सप्तर्षी शोधावेत. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढविला की तेजस्वी स्वाती आणि त्यापुढे चित्रा नक्षत्र सापडते. चैत्रातील पौर्णिमेचा चंद्र या चित्रेच्या जवळपास असतो. त्यावरूनच महिन्याला चैत्र हे नाव पडले.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानात येईल. माणूस जे पाहतो त्याविषयी त्याला आपुलकी वाटू लागते आणि ज्याविषयी आपुलकी वाटते ते तो मोडू देत नाही. कयाधूच्या वाळूत जो एक सकाळ बसला, तो तिच्यात केरकचरा टाकताना थांबेल. हळदीचे खळे ज्याने पाहिले, तो चिमूटभर हळदही वाया घालविणार नाही. आणि ज्या घरातील सर्व माणसे एक सकाळ एकत्र चालली, त्यांना सुट्टी वाया गेली असे कधीच वाटणार नाही. येत्या रविवारी पहाटे उठा, आजोबांची काठी त्यांच्या हाती द्या, पाण्याची बाटली आपल्या खांद्यावर घ्या आणि नदीची वाट धरा.

स्वाध्याय

१. सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो, असे लेखक का म्हणतो?
२. तुमच्या कुटुंबास बसने सहलीला जावयाचे असल्यास किती तिकिटांचे पैसे पडतील, ते मांडून दाखवा.
३. कयाधूचे पाणी पैनगंगेतून पुढे कोणकोणत्या नद्यांना मिळत गोदावरीत पोहोचते, ते नकाशात शोधा.
४. घरातील वडीलधाऱ्या माणसांना जवळच्या नदीविषयी पाच प्रश्न विचारा व त्यांची उत्तरे वहीत लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : कानोसा घेणे, कटाक्षाने टाळणे, ओस पडणे, आड येणे.