तापीचा तळ जवळ का भासतो?

प्रश्न : बऱ्हाणपूरला तापीच्या घाटावरून पायाशी असलेला तळ उथळ दिसतो, पलीकडच्या पाण्यात मात्र आकाशच दिसते; असे का? – एक वाचक, इच्छापुर

उत्तर : हवेत सेकंदास सुमारे 3 लक्ष किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात सव्वादोन लक्षांवर येतो, आणि या वेगभेदामुळे तळाकडून तिरपा निघालेला किरण पृष्ठभाग ओलांडताना लंबापासून दूर वळत असल्याने, तो सरळच आला असे गृहीत धरून आपली दृष्टी तळाला त्याच्या वास्तव स्थानाहून वर कल्पिते. अगदी सरळ खाली पाहिले तरी चार हात पाणी तीनच हात भासते, तिरपे पाहता त्याहूनही कमी. म्हणून अनोळखी डोहात केवळ डोळ्यांच्या हवाल्यावर उतरणे मी सर्वथा गैर मानतो. वक्रीभवनाचा हा नियम 1621 मध्ये डच गणिती स्नेल याने मुक्रर केला असे मानतात. बगदादच्या इब्न सह्ल यास तो दहाव्या शतकातच अवगत होता.

आकाशाचे कारण परावर्तन. पाण्यावर लंब पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा दोनच भाग परततो, लंबाशी 80 अंशांचा कोन झाला की सुमारे तिसरा हिस्सा, आणि त्याहून तिरप्या दृष्टीस तळाचा क्षीण प्रकाश आकाशाच्या तेजापुढे लोपतो.