जुना संगणक : डागडुजी की नवी खरेदी?

१. भिलाईच्या भट्टीचा दाखला

छत्तीसगडातील भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी ही रात्रंदिवस धगधगत ठेवावी लागते. तिच्या आतील उच्चतापसह विटांचे अस्तर वितळलेले लोखंड व धातुमळी ह्यांच्यामुळे हळूहळू झिजत जाते. अस्तर झिजले म्हणून कोणी सबंध भट्टी मोडीत काढीत नाही; तसेच भट्टी अजून चालते आहे म्हणून ती फुटेपर्यंत कोणी स्वस्थही बसत नाही. भट्टीच्या अंगावर ठिकठिकाणी बसविलेल्या तापमापकांच्या नोंदी पाहून, योग्य वेळी ती थांबवून नवे अस्तर चढविले जाते. परंतु मागणीच वाढली म्हणजे केवळ अस्तर बदलून भागत नाही. भिलाईची आठवी झोतभट्टी २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे घनफळ ४,०६० घनमीटर, म्हणजे पहिल्या भट्टीच्या मूळ घनफळाच्या जवळजवळ चौपट आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेतील किंवा ग्रंथालयाच्या मेजावरील जुन्या संगणकासंबंधीही नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो. त्याची डागडुजी करावी, एखादा भाग बदलावा, की नवा संगणक घ्यावा? ह्याचे उत्तर यंत्राच्या वयावरून द्यावयाचे नसते. ते मोजमापावरून द्यावयाचे असते.

२. संगणक दोन प्रकारे जुना होतो

पहिला प्रकार प्रत्यक्ष झिजेचा होय. संगणकातील ज्या भागांना गती आहे, ते प्रथम झिजतात. पंख्याचे बेअरिंग कुरकुरू लागते. हार्ड डिस्कची फिरणारी तबकडी व तिच्यावर सरकणारी भुजा थकते. गती नसलेल्या भागांनाही उष्णता सोडीत नाही. विद्युत्‌पुरवठा करणाऱ्या पेटीतील काही धारित्रांत द्रव असतो व तो उष्णतेने आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा धारित्राचे आयुष्य साधारणतः निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. भिलाईसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्यातच पंख्यावर धुळीचा थर बसला, की प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही. मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. अशा संगणकास नव्या भागाची नव्हे, तर झाडणीची गरज असते.

दुसरा प्रकार सापेक्ष वार्धक्याचा होय. यंत्र जसेच्या तसे राहते, पण त्याच्याकडून मागितले जाणारे काम वाढते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० च्या सुमारास काम करू लागला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे शब्द मावत. आजच्या ४ गिगाबाइट रॅममध्ये त्याच्या लाखो पटींनी अधिक माहिती मावते. निर्वात नलिकांवर चालणारे ते यंत्र आपल्या देशाच्या अभिमानाचा विषय होते. तरीही १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा पुष्कळच समर्थ संगणक आणावा लागला. तोपर्यंत ट्रान्झिस्टरचे युग आले होते आणि शास्त्रज्ञांची गणितेही वाढली होती.

३. अडथळा कोठे आहे?

ज्या साखळीची एक कडी कच्ची आहे, तिच्या इतर कड्या कितीही जाड केल्या तरी उपयोग नाही. म्हणून खर्च करण्यापूर्वी कच्ची कडी शोधावी. विंडोज प्रणालीत टास्क मॅनेजर नावाची सोय असते. नेहमीचे काम चालू असताना तिच्यात पाहावे. रॅम सतत भरलेली असल्यास ती अपुरी आहे. प्रोसेसर पूर्ण व्यग्र असल्यास तो अपुरा आहे. आणि हे दोन्ही निवांत असून डिस्क मात्र अखंड व्यग्र असल्यास दोष डिस्कचा आहे. जुन्या संगणकांत हा तिसरा प्रकार फार आढळतो.

त्याचे कारण गणिताने समजते. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. हवी ती माहिती भुजेखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ सहस्रांश सेकंद लागतात. भुजा सरकण्यास आणखी सुमारे ८ धरल्यास एकूण १२ सहस्रांश सेकंद होतात. संगणक सुरू होताना विखुरलेले असे १०,००० तुकडे वाचावयाचे असल्यास १२० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन मिनिटे जातात. एसएसडी ह्या साठवणीत फिरणारे काहीच नसते. तेथे प्रत्येक तुकड्यास सुमारे दशांश सहस्रांश सेकंद लागतो. तेच काम एका सेकंदात होते.

हा विलंब क्षुल्लक समजू नये. समजा, तासिका ३५ मिनिटांची असून संगणक सुरू होण्यास ५ मिनिटे लागतात. म्हणजे विद्यार्थ्यांचा एक सप्तमांश वेळ काळ्या पडद्याकडे पाहण्यात जातो. आणि ज्या मुलास घरी संगणक नाही, त्यास हा वेळ पुन्हा कोठेही भरून मिळत नाही.

४. खर्चाचा हिशेब

खर्चाची तुलना किमतीवरून न करता सेवेच्या दर वर्षावरून करावी. उदाहरणादाखल कल्पित आकडे घेऊ. ४,००० रुपयांचा भाग बसवून जुना संगणक ३ वर्षे चालणार असेल, तर दर वर्षाचा खर्च सुमारे १,३३३ रुपये पडतो. ३६,००० रुपयांचा नवा संगणक ८ वर्षे चालला, तर तो ४,५०० रुपये पडतो. येथे डागडुजीच श्रेयस्कर ठरते. मात्र डागडुजीनंतर यंत्र आवश्यक ते काम करील, हे ह्या हिशेबात गृहीत आहे. ते गृहीत ढासळले, तर स्वस्त डागडुजीही वायाच जाते.

५. ज्या मुदतीपुढे डागडुजी चालत नाही

संगणक धडधाकट असला, तरी त्यावरील प्रणालीस सुरक्षेची दुरुस्ती मिळणे बंद होऊ शकते. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यापुढे नोंदणी करणाऱ्यांस मर्यादित काळाची वाढीव सोय तेवढी ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-योजना लागते; प्रोसेसरही मान्य यादीतील असावा लागतो. जुन्या यंत्रांची अडचण बहुधा ह्या शेवटच्या दोन अटींपाशी होते. अशा वेळी लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरून पाहावी. लेखन, वाचन व ग्रंथसूची ह्यांसाठी ती पुष्कळदा पुरते. ज्या कामास विशिष्ट प्रणालीच हवी, तेथे मात्र नवा संगणक घेणे प्राप्त आहे.

आणखी एक इशारा असा. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, किंवा फायली उघडेनाशा झाल्या, तर इतर सर्व विचार बाजूस ठेवून प्रथम माहितीची प्रत काढून घ्यावी. यंत्र पैशाने परत मिळते. वाचकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तशा मिळत नाहीत.

६. निरोप देताना

जुना संगणक भंगारात टाकू नये. त्यात तांबे व सोने असते, तसेच शिसेही असू शकते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून, असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जावा हा त्यांचा हेतू आहे. यंत्र देण्यापूर्वी त्यातील माहिती पूर्णपणे पुसावी. फायली केवळ काढून टाकल्याने ती पुसली जात नाही.

सारांश, प्रथम स्वच्छता, मग मोजमाप, मग कच्च्या कडीची बदली. आणि काम किंवा सुरक्षा ह्यांपैकी एकही साधेनासे झाले म्हणजे नवी खरेदी, हाच क्रम ठेवावा.

अभ्यास

१. आपल्या शाळेतील एक संगणक सुरू होण्यास किती वेळ लागतो, ते तीन वेळा मोजून सरासरी काढा.
२. मिनिटास ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा अर्धा फेरा किती वेळात होईल?
३. टिफ्रॅक बदलण्याचे कारण झीज नव्हे, तर सापेक्ष वार्धक्य होते, असे का म्हणता येईल?