थकवा ओळखणं हीसुद्धा साधना

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३

या अध्यायात भगवंत शरीराला ‘क्षेत्र’ म्हणजे शेत म्हणतात आणि ते जाणणाऱ्याला ‘क्षेत्रज्ञ’. चांगला शेतकरी पीक सुकायची वाट बघत नाही, आधीच मातीत हात घालून ओल बघतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांना हे रोज करावं लागतं. या आजारात रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणावरच, म्हणजे मायलिनवर, हल्ला करते. संदेश अडखळतात. आजार बहुतेकदा २० ते ४० या वयात कळतो, म्हणजे आपल्याच वयात! थकवा हे त्याचं नेहमीचं लक्षण. पुरेशी झोप घेऊनही तो उरतो आणि बाहेरून दिसत नाही. श्रमानंतर रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. पुढे कळलं, की कारण शरीराची वाढलेली उष्णता.

अशा माणसाला “मन खंबीर कर, नाम घे” एवढंच सांगितलं, तर थकव्यावर अपराधीपणाचं ओझं चढतं. श्रद्धा कमी पडली म्हणून शरीर थकत नाही. पाय जड झाले, शब्द आठवेना, की गळून जाण्याआधीच जो बसतो, तो आळशी नाही. तो आपलं क्षेत्र जाणतो.

आजचा अभ्यास : दिवसातून तीनदा थांबा, शरीराची ‘ओल’ तपासा, वहीत टिपा. थकवा नवा किंवा वेगळा वाटला, तर डॉक्टरांना सांगा. आणि आरतीला कुणी खुर्चीतच बसून राहिलं, तर कारण विचारू नका. पंखा तेवढा त्यांच्याकडे वळवा.