कीटो आहार आणि कॉफी : एका रुग्णाच्या निमित्ताने

अनसिंगसारख्या गावी कॉफी हा चिकित्सेचा विषय होईल असे काही वर्षांपूर्वी वाटले नसते. चिखलदऱ्याचे कॉफीचे मळे वऱ्हाडातच असले तरी आमच्याकडे बसस्थानकावर काय किंवा शेताच्या धुऱ्यावर काय, पेय म्हणजे चहाच. परंतु मोबाईलवरील चित्रफिती पाहून भाकरी सोडणारे आणि सकाळी तूप घातलेली काळी कॉफी घेणारे रुग्ण आता ग्रामीण भागातही भेटू लागले आहेत.

असाच एक रुग्ण, वय ४७, स्थूल, सहा वर्षांपासून प्रमेही. मळमळ, अन्नद्वेष, उदरशूल व अंगसाद ही लक्षणे. बारा दिवसांपासून भाकरी, भात, वरण पूर्ण बंद. सकाळ-सायंकाळ दोन चमचे तूप घालून काळी कॉफी, दुपारी अंडी किंवा पनीर. रक्तशर्करा १७२. उष्ण-तीक्ष्ण कॉफी रिकाम्या पोटी, म्हणून अम्लपित्त, असे समजून मी सूतशेखर लिहिण्याच्या बेतात होतो. श्वास जलद व खोल आहे हे लक्षात आले तेव्हा चालू औषधे विचारली. मेटफॉर्मिनसोबत डापाग्लिफ्लोझिन चालू होते. मूत्रात कीटोन तीव्र आढळले. रुग्णास तत्काळ वाशीमला पाठविले. निदान कीटोॲसिडोसिस झाले. रुग्ण वाचला. औषधांचा प्रश्न मी प्रथम विचारावयास हवा होता.

येथे घडते ते असे. दिवसाची पिष्टमय द्रव्ये २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरली की यकृत मेदापासून कीटोन तयार करू लागते. (ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच ४० ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते, यावरून हे बंधन किती कठोर आहे ते कळेल.) निरोगी व्यक्तीत इन्सुलिन या निर्मितीस आवर घालते. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात; इन्सुलिनची पातळी उतरते, कीटोन वाढतात, परंतु रक्तशर्करा फारशी चढत नाही. ग्लुकोमीटरवर विसंबणारा चिकित्सक येथेच फसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी २०१५ मध्येच इशारा दिला होता. आपल्याकडे २०२० मध्ये पेटंट संपल्यानंतर हे औषध स्वस्त झाले आणि खेडोपाडी पोहोचले.

कॉफीचा वाटा यात दुय्यम आहे, पण आहे. कॅनडातील २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात कॅफीनमुळे निरोगी प्रौढांच्या रक्तातील कीटोन वाढल्याचे दिसले. निरोगी माणसास त्याने अपाय नाही. मात्र कॉफीने भूक व थकवा दबतो, त्यामुळे धोक्याची पहिली लक्षणे रुग्णाच्या ध्यानात येत नाहीत. पिष्ट सोडल्यावर पहिल्या दिवसांत शरीरातील जल व लवण झपाट्याने घटते, त्यात या औषधाने मूत्रप्रवृत्ती वाढलेलीच असते. अशा वेळी पाण्याऐवजी कॉफीवर राहणे अयोग्य.

कॉफीचा उल्लेख संहितांत नाही. रस व कर्म पाहता ती तिक्त, रूक्ष, उष्ण, तीक्ष्ण व निद्रानाशक मानावी लागेल. तीत तूप घालून घेणे म्हणजे आपले स्नेहपानच, असा युक्तिवाद काही वैद्यबंधूही करतात. तो मला मान्य नाही. स्नेहपानास अग्नी व कोष्ठ पाहून मात्रा ठरते, सात दिवसांची मर्यादा असते आणि पुढे शोधन असते. शिवाय कफ व मेद वाढलेल्यास चरकाचार्यांनी रूक्षण सांगितले आहे, स्नेहन नव्हे. ३० ग्रॅम तुपात सुमारे २७० कॅलरी असतात. ते रोज दोनदा, महिनोन्‌महिने, हा कोणता उपक्रम? स्थूल प्रमेह्यास गुरु व अपतर्पण असा आहार हवा. त्यासाठी जव, मूग, पडवळ, कारले आपल्याजवळ आहेतच. कृश प्रमेह्यास तर हा आहार सांगूच नये.

ज्यांना हे औषध चालू नाही व जे हा आहार घेणारच, त्यांना दोन कपांपर्यंत बिनसाखरेची कॉफी चालेल. दूध घातल्यास १०० मिलीमागे सुमारे ५ ग्रॅम शर्करा मोजावी. दुपारी चारनंतर घेऊ नये. अनिद्रा, अम्लपित्त, हृद्द्रव असल्यास वर्ज्य. गर्भिणीने तर हा आहारच टाळावा. थायरॉक्सिनची गोळी चालू असल्यास तीनंतर किमान अर्धा तास कॉफी नको, शोषण घटते. पुनर्नवा मंडूर किंवा अन्य लोहकल्पही कॉफीसोबत देऊ नयेत.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. वजन कमी करण्याचे चूर्ण मागणाऱ्या ग्राहकास आहार काय चालू आहे व मधुमेहाची कोणती गोळी आहे, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. च्यवनप्राशातील साखर आणि आसवारिष्टांतील गूळ अशा ग्राहकांना ठाऊक नसतो, तोही सांगावा. मूत्रातील कीटोन पट्टी या आहारात निरोगी माणसाचीही सकारात्मक येते. म्हणून केवळ पट्टीवर घाबरू नये, पण मळमळ, वांती, पोटदुखी वा जलद श्वास यांपैकी काहीही सोबत असेल तर शर्करा कितीही असो, चूर्ण देण्याऐवजी रुग्णालयाची वाट दाखवावी. डापाग्लिफ्लोझिन व या वर्गातील इतर गोळ्यांची नावे मी आता माझ्या टेबलावरील काचेखाली लिहून ठेवली आहेत.